४.१० काढून ३.३१ : शेव्हेलच्या मागच्या ॲक्सलच्या नोंदी

२ एप्रिल २०२२, शनिवार, पाडवा

बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ दोन-तीन पावसांत धुऊन गेलं म्हणून आज गाडी बाहेर काढली. गुढी आठ वाजता उभारली आणि साडेनऊला मिशिगनच्या आय-६९६ हायवेवर होतो, हार बॉनेटला तसाच. १९७० ची शेवरले शेव्हेल मालिबू, ३५० इंजिन, चार बॅरलचा कार्बोरेटर, मन्सी फोर स्पीड गिअरबॉक्स. मागच्या ऑक्टोबरात घेतली, आठवडाभर चालवली आणि मग हिवाळा आला. यंदा ठरवलंय की एप्रिल ते ऑक्टोबर रोज ऑफिसला हीच न्यायची, नोव्हाय ते वॉरन, जाऊन-येऊन ६२ मैल. शोभेची वस्तू म्हणून गॅरेजात ठेवायला मी घेतलेलीच नाही.

आजचं पहिलं निरीक्षण म्हणजे आवाज. सिग्नलवरून सुटताना मजा येते, पाठ सीटला चिकटते, पण हायवेला ७० ला लागलो की इंजिन असं बोंबलतं की चौथ्यात असूनही हात आपोआप पाचवा शोधायला जातो, आणि पाचवा नाहीच. बायको शेजारी होती, दहा मिनिटांनी म्हणाली "गिअर टाक ना वरचा". म्हणलं हाच वरचा आहे. मग ती काही बोलली नाही, खिडकी वर केली फक्त.

विकणारा म्हणाला होता की मागे "चांगला" ॲक्सल आहे, बारा बोल्टचा, पॉझिट्रॅक्शनवाला (थोडक्यात पॉझी, दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा). रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेरे फिरतो तो आकडा) विचारला तर म्हणे फोर-टेन, म्हणजे ४.१०, असावा. असावा!

१० एप्रिल, रविवार

रेशो मोजला. ॲक्सलच्या नळीवर पुढच्या बाजूला कोड ठोकलेला असतो तो घासून वाचला, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही कारण कोड कारखान्यातून निघताना आत काय होतं ते सांगतो, पन्नास वर्षांत कुणी आत काय बसवलं ते नाही सांगत. खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही मागची चाकं उचलायची, खाली स्टँड, गाडी न्यूट्रलला, शाफ्टवर खडूची रेघ, टायरवर खडूची रेघ, आणि चाक हाताने बरोबर एक फेरा फिरवायचं. पॉझी असल्यामुळे दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतात. शाफ्ट चार फेरे आणि थोडा फिरला. दहा वेळा चाक फिरवलं तर शाफ्टचे ४१. म्हणजे ४.१०, शंका नको. (पॉझी नसेल आणि एकच चाक उचललं असेल तर शाफ्ट निम्माच फिरतो, तेव्हा आकडा दुप्पट करायचा, नाहीतर ४.१० ला २.०५ समजून बसाल.)

तसंच गिअरबॉक्सचंही केलं. मन्सीमध्ये एम-२० आणि एम-२१ अशा दोन नेहमीच्या जाती, पहिला गिअर एकाचा २.५२ आणि दुसऱ्याचा २.२०. सगळे स्पार्क प्लग काढले, पहिला टाकला आणि क्रँक पान्याने फिरवत शाफ्टचे फेरे मोजले. इंजिनचे अडीच फेरे आणि शाफ्टचा एक, म्हणजे एम-२०. अर्धी सकाळ गेली पण आता दोन आकडे तरी पक्के आहेत. चौथा दोन्हीत सरळ १.००, तिथेच तर सगळं दुखणं आहे.

या आठवड्याचं ॲव्हरेज १३.४ मैल गॅलनला आलं. ४.१० वर १३.४? खूशच झालो.

१६ एप्रिल, शनिवार

खुशी उतरली. आज फोनचं जीपीएस लावून गेलो. जीपीएसवर ७० असताना गाडीचा काटा ८६-८७ दाखवतो! म्हणजे ज्याने ४.१० बसवला त्याने स्पीडोमीटरचा गिअर बदललाच नाही. काटा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतो, त्याला मागे कुठला क्राऊन (ॲक्सलमधला मोठा दातेरी गिअर) आहे ते काय कळणार, शाफ्ट जास्त फिरला की तो जास्त दाखवणार. आणि काटा खोटा तर मैलांचा आकडाही खोटा. ऑफिसचं अंतर ३१ मैल, ओडोमीटर म्हणतो ३८. आठवड्याला खरे ३१० मैल होतात, मी ३८४ धरून भागाकार केला होता. खरं ॲव्हरेज १०.८. वर इंजिनचं कॉम्प्रेशन १०.२५ ला एक, म्हणजे प्रीमियम पेट्रोलच लागतं.

टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा, टॅक) मात्र बरोबर आहे, टायमिंग लाइटच्या आकड्याशी ताडून पाहिला. ७० ला ३६५०. तासभर रोज ३६५०, हे काही खरं नाही.

२४ एप्रिल, रविवार

हिशोब मांडला. सूत्र सगळीकडे मिळतं, पण त्यातला ३३६ हा आकडा कुठून येतो ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका मैलात ६३,३६० इंच. ताशी मैलाचं मिनिटाला करायचं म्हणून ६० ने भागा, चाकाचा परीघ व्यासावरून काढायचा म्हणून पायने (π) भागा, राहतात ३३६. वेग गुणिले रेशो गुणिले ३३६ भागिले टायरचा व्यास, की आला आरपीएम. वरचा गिअर १.०० नसेल तर त्यानेही गुणायचं.

टायर २५५/६०आर१५. कागदावर व्यास २७ इंच. त्याने ७० ला ३५७० येतात, टॅक ३६५० दाखवतो. चूक कुठे? टायर गाडीखाली दबतो. मग कागद सोडला, टायरला आणि जमिनीला खडू लावला, गाडी ड्राइव्हवेवर बरोबर एक फेरा ढकलली आणि टेपने मोजलं, ८३ इंच. त्याचा व्यास २६.४ होतो. पुन्हा गणित, ३६५३! टॅकशी जुळलं. तेव्हा रेशो निवडणाऱ्याने टायरच्या बाजूवर छापलेलं वाचून गणित करू नये, खडू आणि टेप दोन मिनिटांचं काम आहे.

आता या ८३ इंचांवरून ७० ला बाकीचे रेशो काय देतात: ३.७३ ला ३३२०, ३.५५ ला ३१६०, ३.३१ ला २९५०, ३.०७ ला २७३५, २.७३ ला २४३०. हे कागद फ्रिजवर चिकटवलेत, बायकोला वाटलं लॉटरीचे नंबर आहेत.

संध्याकाळी अण्णांना व्हिडिओ कॉल. अण्णा कराड डेपोत एसटीचे मेकॅनिक होते, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली पण क्राऊन-पिनियन (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) म्हटलं की अजून सरळ होऊन बसतात. त्यांना सगळं सांगितलं. पहिला प्रश्न: "आरं, तिकडं घाट हाय का?" म्हणलं नाही अण्णा, मिशिगन म्हणजे ताट आहे, आमच्या इथला चढ म्हणजे पुलाचा. "मग? माल किती भरतूस?" माल काय, डबा आणि लॅपटॉप. "मग घाटाचा क्राऊन कशाला घालून बसलायस?"

यावर उत्तर नव्हतं. ज्याने बसवला त्याला पाव मैलाची शर्यत मारायची असणार, त्याचा घाट तो.

१४ मे, शनिवार

तीन आठवडे डॅशबोर्डवर छोटी वही ठेवली. सगळे जण रेशो निवडताना "गाडी कशी वाटली पाहिजे" इथून सुरुवात करतात, मी म्हटलं आधी गाडी कुठे असते ते बघू. ६२ मैलांपैकी ५० च्या वर हायवे, सरासरी ६८ ते ७२. बाकी सिग्नलचे रस्ते, ४५ ची लिमिट, टेलिग्राफ रोड वगैरे. जोरात सुटणं, खरंखुरं, आठवड्यातून चारदा. त्यातली दोनदा तर समोर कुणीच नव्हतं, उगाच.

पहिल्या गिअरचं पण लिहिलं. २.५२ गुणिले ४.१० म्हणजे १०.३३. इतका छोटा पहिला म्हणजे ३००० ला बदलायचा म्हटलं तर २३ मैलाला बदलावा लागतो, चौक ओलांडायच्या आधी हात गिअरवर. रोज दुसऱ्यातच उचलायला लागलोय मी, आणि गाडी कुरकुर न करता उचलते. म्हणजे चार गिअरमधला पहिला फुकट आणि चौथा अपुरा, तीन स्पीडची गाडी चालवतोय मी.

इंजिनचा टॉर्क कागदावर ३८० फूट-पाउंड, ३२०० ला. ताकद ३०० हॉर्सपॉवर, ४८०० ला (त्या काळचे ग्रॉस आकडे, पंखा अल्टरनेटर काही न लावता मोजलेले, त्यामुळे जरा कमी करूनच धरायचे). मुद्दा असा की हे इंजिन खालून ओढणारं आहे. कॅम जंगली असता आणि ताकद ४००० नंतर येत असती तर मी ४.१० ची बाजू घेतली असती. तसं नाहीये.

२९ मे, रविवार

शेजारचे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, शेवरलेच्या डेट्रॉइटमधल्या गिअर अँड ॲक्सल कारखान्यात आयुष्य गेलं, १९९४ ला जीएमने तो कारखाना विकला आणि अमेरिकन ॲक्सल झालं तेव्हा ते तिथेच होते. आज गॅरेजचं दार उघडं दिसलं तसे काठी टेकत आले, वाकून ॲक्सल बघितला आणि म्हणाले, आधी झाकण उघड मग गिअर मागव.

कारण असं. या बारा बोल्टच्या ॲक्सलमध्ये क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरिअर तीन जातींचा येतो. २.७३ आणि त्याखालच्यांना एक, ३.०७ ते ३.७३ ला दुसरा, ४.१० आणि वरच्यांना तिसरा. पिनियन लहान झाली की ती क्राऊनपर्यंत पोचावी म्हणून क्राऊन जवळ आणावा लागतो, म्हणून कॅरिअरची बैठक वेगवेगळी. तेव्हा माझ्यात ४.१० वाला कॅरिअर असेल तर ३.३१ चे गिअर त्यावर बसणारच नाहीत, नवा पॉझी कॅरिअर घ्या, आणि तो गिअरच्या दुप्पट-तिप्पट किमतीला. हे मला माहीतच नव्हतं! मी ऑर्डर देणारच होतो.

पण आजोबा म्हणाले एक शक्यता आहे, लोक पैसे वाचवायला मधल्या कॅरिअरवर जाड क्राऊन बसवतात. जाडी वाढवून तेच अंतर भरून काढतात. तसा निघाला तर तू सुटलास.

दुसरा पर्याय म्हणजे गिअरबॉक्सच बदलायचा, ओव्हरड्राइव्हवाला (शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त फिरवणारा वरचा गिअर असलेला) पाच स्पीड. ट्रेमेकचा टीकेएक्स येतो, पहिला २.८७ आणि पाचवा ०.६८. मग ४.१० तसाच ठेवूनही ७० ला २५०० च्या आत. ऐकायला झकास. पण पहिल्याचा गुणाकार ११.७७ होतो, ट्रॅक्टर! म्हणजे ओव्हरड्राइव्ह घातला तरी मागे ३.३१-३.५५ च हवा. आणि क्लच, शाफ्ट, क्रॉसमेंबर धरून चार हजार डॉलरच्या आसपास जातात. पुढे कधीतरी घालीन, नाही म्हणत नाही, पण त्या दिवसासाठीही ४.१० अडचणच आहे.

११ जून, शनिवार

पेट्रोल पाच डॉलरच्या वर, साधं! प्रीमियम त्याच्याही वर. आठवड्याला जवळजवळ २९ गॅलन, गुणाकार करून पाहिला आणि वही मिटली. या आठवड्यात दोन दिवस बायकोची गाडी नेली, तिने वरतून ऐकवलं.

३.०७, ३.३१ की ३.५५. ३.७३ मी आधीच काढला, ३३०० वर रोज तास काढायचा तर मग बदलायचं कशाला. भेटेल तो ३.७३ सुचवतो, रस्ता आणि मजा दोन्हीचा मध्य म्हणून, पण ते सांगणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक ओव्हरड्राइव्ह असतो. ३.७३ ला ०.६८ ने गुणलं की २.५४ होतं, मग ते गोडच लागणार. मागचा आकडा एकटा काही सांगत नाही, पहिल्याबरोबरचा गुणाकार आणि शेवटच्याबरोबरचा गुणाकार, या दोनच गोष्टी चाकाला कळतात.

माझ्या एम-२० बरोबर पहिल्याचे गुणाकार: ३.०७ ला ७.७४, ३.३१ ला ८.३४, ३.५५ ला ८.९५. सगळेच चालण्यासारखे. २.२० वाला एम-२१ असता तर ३.३१ ला ७.२८ आलं असतं, चढावर क्लच जळायचा, मग मी ३.५५ खाली उतरलो नसतो. वरच्या टोकाला ३.०७ ला २७३५ आणि ३.३१ ला २९५०, फरक २१५ चा. ३.०७ मोहात पाडतो, पण ४० मैलाला चौथ्यात १५६० वर येतो, म्हणजे टेलिग्राफवर सारखं तिसरा-चौथा तिसरा-चौथा. ३.३१ ला तिथे १६८५. थोडंच जास्त आहे पण दुसऱ्यात उचलून बघितल्यावर मला या इंजिनचा सूर कुठे लागतो ते कळलंय, १६०० च्या खाली ते हुंकार देतं.

अण्णांना विचारलं. "मधला घे. आन् आधी झाकान उघड, तुझा तो म्हातारा शाना हाय."

१८ जून, शनिवार

झाकण उघडलं. बारा बोल्ट, खाली ट्रे, तेल काळं पण चमकी नाही, म्हणजे धातू झडलेला नाही. क्राऊनच्या कडेवर ठोकलंय ४१ आणि १०. आणि क्राऊन जाड! आजोबांनी बोटाच्या पेरानेच मोजला, खुर्चीवर बसून, आणि हसले. मधलाच कॅरिअर. हजारभर डॉलर वाचले, मला काही बोलवेना, नुसता आजोबांना चहा दिला, आलं घालून. त्यांनी दुसरा कप मागितला.

संध्याकाळी ३.३१ चा सेट मागवला, ४३ आणि १३ दात. सोबत बेअरिंगचा पूर्ण किट, सील, क्रश स्लीव्ह, शिम (पातळ चकत्या), मार्किंगचं पिवळं कंपाउंड (दात कुठे टेकतात त्याचा ठसा उमटवायला). स्पीडोमीटरचा गिअर आत्ता नाही मागवला, आधी नवा काटा काय दाखवतो बघू.

९ जुलै, शनिवार

काम सुरू. ड्रम काढले, कॅरिअरमधली आडवी पिन धरून ठेवणारा छोटा बोल्ट काढला (हा तुटतो म्हणून ख्याती आहे, माझा न तुटता आला, देवाला नमस्कार), पिन बाहेर, ॲक्सल आत ढकलले, त्यांना धरून ठेवणाऱ्या सी-क्लिप पडल्या, ॲक्सल बाहेर. मग कॅरिअर, मग पिनियन. दुपारी जेवायच्या आत सगळं टेबलावर. सोपं वाटलं. सोपं एवढंच होतं.

पिनियनच्या डोक्याखाली, बेअरिंगच्या मागे एक शिम असतो, पिनियन किती खोल जायची ते तो ठरवतो. जुना शिम ३५ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). नव्या गिअरलाही आधी तोच लावून बघायचा आणि मग दातांवरचा ठसा वाचायचा असं आजोबांचं म्हणणं. इथे त्यांनी एक युक्ती दिली जिच्यामुळे आठवडा वाचला. जुनं बेअरिंग आतून घासून जरा सैल करून घ्यायचं, म्हणजे ते हाताने निघतं-बसतं, नाहीतर प्रत्येक वेळी शिम बदलायला नवं बेअरिंग प्रेसवर काढायचं आणि ते खराब करायचं.

१० जुलै, रविवार, आषाढी

उपास. हाताला गिअर ऑइलचा वास, त्या हाताने साबुदाण्याची खिचडी, त्यामुळे चव कुठली ते विचारू नका.

पिवळं कंपाउंड दातांना लावलं, पिनियन फिरवली, क्राऊनला लाकडाने थोडं अडवून. ठसा दाताच्या मुळाशी, खाली. म्हणजे पिनियन फार खोल गेलीय. शिम पातळ करायचा, ३१ थाऊ. पुन्हा सगळं आत, डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) बघितला, ११ थाऊ, दोन्ही बाजूंच्या शिमा अदलाबदल करून ८ वर आणला. पुन्हा कंपाउंड. आता ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध, आतल्या टोकाकडे जरासा कललेला. आजोबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले बराच वेळ, मग अंगठा वर.

एक गंमत. ४३ आणि १३ मध्ये सामाईक भाग नाही, त्यामुळे पिनियनचा एकेक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला गाठतो, फिरत फिरत. सगळे एकमेकांना घासून सारखे होतात. ४.१० चंही तसंच, ४१ आणि १०. असे आकडे उगाच नाहीत.

१६ जुलै, शनिवार

माझी चूक नोंदवतो. नवी बेअरिंग प्रेस केली, क्रश स्लीव्ह घातली, नट आवळायला सुरुवात. ही स्लीव्ह म्हणजे एक नळी, नट आवळत गेलं की ती चेपते आणि बेअरिंगवर नेमका दाब राहतो. चेपायला राक्षसी जोर लागतो, चार फुटी पाइप लावून लोंबकळायचं, आणि चेपायला लागली की मग पाव-पाव इंच, दर वेळी इंच-पाउंडाच्या पान्याने पिनियन फिरवून बघायचं. मला २० ते २५ इंच-पाउंड हवे होते. १२ आले, मग १५, मग मी म्हटलं एक जरा मोठा झटका देऊ. ३८!

नट सैल करून भागत नाही, चेपलेली नळी परत ताणत नाही. सगळं बाहेर, नवी स्लीव्ह. दहा डॉलरची वस्तू आणि अख्खी दुपार. आजोबा काही बोलले नाहीत, घरी गेले, हे जास्त लागलं.

१७ जुलै, रविवार

दुसरी स्लीव्ह. केसाकेसाने आवळली, २२ वर थांबलो. कॅरिअर, ॲक्सल, सी-क्लिप, पिन, बोल्टला लॉकटाइट. बॅकलॅश पुन्हा ८. झाकण, ८०डब्ल्यू-९० तेल आणि पॉझीच्या क्लचसाठी फ्रिक्शन मॉडिफायरची बाटली. ती विसरली तर वळताना मागून कडकड कडकड येतं.

संध्याकाळी पहिली फेरी. नवे गिअर आधी तापवायचे आणि थंड करायचे असतात, म्हणून वीस मिनिटं हळू चालवून घरी, तासभर गार, पुन्हा वीस मिनिटं, असं तीनदा. मग मंदिराच्या रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठ काढत राहिलो, पॉझीच्या प्लेटांमध्ये तेल शिरावं म्हणून. दर्शनाला आलेल्या एक काकू थांबून बघत होत्या, त्यांना वाटलं शिकाऊ आहे.

पहिला गिअर परत मिळाला! ३००० ला २८ मैल, चौक ओलांडून आरामात दुसरा.

आणि ही गोष्ट तर मी लिहिताना अजून हसतोय. फोन लावलेला होता, जीपीएस ४५, काटा बघितला तर ४५. ५५ ला ५५. म्हणजे गिअरबॉक्समधला तो स्पीडोमीटरचा गिअर मुळात ३.३१ च्या आसपासच्या ॲक्सलसाठीच बसवलेला होता. कुणीतरी मध्ये ४.१० घातला, पन्नास वर्षांतली किती त्यांनी खोट्या काट्यावर काढली कोण जाणे, आणि मी तीन महिने वही, खडू, टेप, फ्रिजवरचे कागद करून तिथेच आलो. काटा बिचारा एप्रिलपासून सांगत होता, ८६ भागिले ७० करून ४.१० ला भागलं असतं तर त्याच दिवशी ३.३-३.४ हातात आलं असतं.

७ ऑगस्ट, रविवार

पाचशे मैल झाले, तेल बदलायचं. पहिल्या पाचशेत नव्या गिअरची बारीक कणी तेलात येते, ती आत ठेवायची नाही. तेलात चंदेरी झाक होती पण बोटाला कण लागला नाही, ठीक.

आवाज: ६० ला पाय सोडला की अगदी बारीक शीळ येते, खिडक्या बंद असतील तरच ऐकू येते. ॲक्सिलेटर दाबला की जाते. ठसा आतल्या टोकाकडे जरा कलला होता तेच असावं. आजोबा शेजारी बसून आले, म्हणाले हे त्यांना ऐकू येत नाही. त्यांना डोअरबेलही ऐकू येत नाही, पण ठसा त्यांनी डोळ्याने बघितलाय म्हणून सोडून दिलं. वाढली तर उघडीन.

७० ला टॅक २९५०. गणितातला आकडा आणि काट्यावरचा आकडा एकच आला की जो आनंद होतो तो एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला पण नव्हता झाला. मैलामागे इंजिनचे सहाशे फेरे कमी, रोजचे ३७ हजार.

२० ऑगस्ट, शनिवार

वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या, वेग ताशी पाच मैल, गरम डांबर. मुलांना घेऊन गेलो. इथे खरं तर ४.१० चांगला, कारण रांगेत पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता रांगता येतं. ३.३१ ला पहिल्यात इंजिन आयडलवर थोडं जास्त पुढे पळतं, क्लच दाबा-सोडा दाबा-सोडा, डावा गुडघा संध्याकाळी सुजला. वर्षातून एक दिवस, चालतंय. रिव्हर्सलाही तसंच, ड्राइव्हवेच्या चढावर मागे घेताना क्लच जरा जास्त घसरवावा लागतो.

सिग्नलला एकाने विचारलं मागे काय आहे, थ्री-थर्टीवन म्हटल्यावर त्याने असा चेहरा केला जसं मी मिसळीत साखर मागितली. त्याची गाडी ट्रेलरवरून आली होती.

४ सप्टेंबर, रविवार

गणपती बसलेत त्यामुळे गॅरेज बंद, फक्त आकडे लिहितो. चार टाक्यांची सरासरी १३.३ मैल गॅलनला, आणि हे मैल खरे, जीपीएसशी ताडलेले. एप्रिलमध्ये खोट्या मैलांवर १३.४ आले होते, तेव्हा बायकोला वही दाखवली तर ती म्हणते म्हणजे ॲव्हरेज थोडं कमीच झालं की. समजावलं. परत समजावलं. आरतीची वेळ झाली.

अण्णांना काल पिवळ्या ठशाचा फोटो पाठवला होता. आज त्यांचा मेसेज आला, फोटो झूम करून त्यावर बोटाने गोल काढलाय, आतल्या टोकाला, आणि खाली एवढंच: "बॅकल्याश अजून १ थाऊ सोड."

पुढच्या तेलाच्या वेळी बघतो. जुना ४.१० चा सेट तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलाय, डब्यावर खडूने ४१/१० आणि "जाड" लिहिलंय, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.